पहिल्यांदाच लॉइंक कोड लावताय? आधी लॅबमध्ये जाऊन या

उपाशीपोटी साखर ही तपासणी एकच, पण माझ्याकडे आलेल्या तीन फायलींत तिची नावं चौदा होती. 'एफबीएस', 'शुगर एफ', 'ग्लुकोज फास्टिंग', 'खाली पेट', 'शक्कर भूखे पेट', आणि एका ठिकाणी 'बीएसएल-एफ' (बीएसएल म्हणजे ब्लड शुगर लेव्हल). हे शेवटचं पाहून मी हसले. बीएसएल म्हणणारा डॉक्टर शिकायला नक्की महाराष्ट्रात होता, इंदुरात असं कोणी म्हणत नाही.

काम असं होतं: इंदूरच्या तीन खासगी पॅथॉलॉजी लॅबचे पाच वर्षांचे रिपोर्ट एकत्र करायचे आणि मधुमेह असलेल्यांच्या मूत्रपिंडांचं पुढे काय होतं ते बघायचं. मी बायोकेमिस्ट्री शिकलेली, कॉम्प्युटर कामापुरता येतो. सरांनी सांगितलं, "सगळ्या तपासण्यांना लॉइंक कोड लाव, आठवड्याचं काम आहे." ते चार महिने चाललं. त्यातले अडीच महिने माझ्या चुका निस्तरण्यात गेले, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

लॉइंक म्हणजे काय, ते थोडक्यात. अमेरिकेत इंडियानापोलिसला रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आहे. तिथे १९९४ साली प्रयोगशाळेतल्या प्रत्येक तपासणीला एक ठरलेला क्रमांक द्यायला सुरुवात झाली. लॅबचं नाव, भाषा, मशीन काहीही असो, रक्तातलं हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये मोजलं की त्याचा कोड ७१८-७. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड मानकांमध्येही लॅबसाठी लॉइंकचंच नाव आहे. वापर फुकट आहे, फक्त त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडावं लागतं.

(या लेखात अंक देवनागरीत आहेत. फायलीत कोड लिहिताना इंग्रजी अंकच वापरा.)

काय काय जवळ हवं

- एथिक्स कमिटीची लेखी परवानगी आणि प्रत्येक लॅबचं संमतीपत्र
- लॅबच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली मूळ फाइल, शक्यतो सीएसव्ही
- प्रत्येक लॅबची तपासण्यांची यादी, म्हणजे रेट लिस्ट नव्हे, सॉफ्टवेअरमधली 'टेस्ट मास्टर'
- प्रत्येक लॅबच्या छापील रिपोर्टचे पाच-सहा नमुने, नाव-गाव खोडलेले
- किटच्या खोक्यातलं माहितीपत्रक किंवा त्याचा फोटो
- लॉइंकचं खातं
- वही. खरंच वही. तंत्रज्ञाशी बोलताना लॅपटॉप उघडला की माणूस बोलायचा थांबतो.

## १. परवानगी आधी, फाइल नंतर

ओळखीतून फाइल पटकन मिळते. "अरे, पेन ड्राइव्ह दे, टाकून देतो," असं म्हणणारे काका प्रत्येक लॅबमध्ये असतात. घेऊ नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा, कमिटीपुढे जा, आणि रुग्णाची ओळख पुसण्याचं काम लॅबच्याच कॉम्प्युटरवर करून मगच फाइल बाहेर काढा.

नाव, फोन, पत्ता हे स्तंभ काढले की ओळख पुसली असं मला वाटायचं. 'रिमार्क' नावाच्या स्तंभाकडे माझं लक्षच गेलं नाही. रिसेप्शनवरच्या मुली सगळं तिथेच लिहितात: 'रिपोर्ट जावयाच्या नंबरवर पाठवा', आणि पुढे दहा आकडे. मोकळ्या मजकुराचा प्रत्येक स्तंभ डोळ्यांखालून घाला किंवा सरळ वगळा.

## २. फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका

हे मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवा. लघवीच्या तपासणीत पस सेल्स '२-४' असतात, एक्सेल त्याची तारीख करतं. विडालचं, म्हणजे टायफॉइडच्या तपासणीचं, '१:८०' त्याला घड्याळातली वेळ वाटते. गंमत म्हणजे लॉइंकचे कोडही सुटत नाहीत. साखरेचा कोड २३४५-७ आहे, एक्सेलला तो २३४५ सालचा जुलै महिना दिसतो. एकदा सेव्ह केलं की मूळ आकडा गेला.

फाइल 'डेटा' मेनूतून आत आणा आणि आणताना सगळे स्तंभ 'टेक्स्ट' ठेवा. मूळ फाइलची एक प्रत वेगळी काढून तिला हात लावू नका.

## ३. वेगवेगळी नावं मोजा, आणि वरून सुरुवात करा

प्रत्येक लॅबसाठी चार गोष्टींची जोडी करून यादी काढा: तपासणीचं नाव, नमुना, एकक आणि किती वेळा आली ती संख्या. संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावा. वरच्या काही डझन ओळींतच बहुतेक सगळी फाइल येऊन जाते. खाली वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासण्यांची लांबलचक शेपटी असते. तुमच्या अभ्यासाला ती लागत नसेल तर सोडून द्या. मी अ-आ-इ-ई क्रमाने सुरुवात केली होती आणि पहिला आठवडा ॲलर्जीच्या चाचण्यांत घालवला, ज्यांचा आमच्या अभ्यासाशी काडीचा संबंध नव्हता.

## ४. प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारा

लॉइंकचं प्रत्येक नाव सहा भागांचं असतं. ते पाठ करू नका, प्रश्नांसारखे वापरा.

काय मोजलं? ग्लुकोज, क्रिएटिनिन, युरिया.

कोणत्या रूपात मोजलं? वजनात की मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत. सीरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवातलं) क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये असेल तर २१६०-०, मायक्रोमोल प्रति लीटरमध्ये असेल तर १४६८२-९. पदार्थ तोच, कोड वेगळे.

कोणत्या काळातलं? त्या क्षणाचा नमुना की चोवीस तासांची साठवलेली लघवी.

कशात मोजलं? रक्त, सीरम-प्लाझ्मा, लघवी. लघवीतलं क्रिएटिनिन २१६१-८. सीरमच्या कोडपेक्षा एकाच आकड्याने पुढे, म्हणून टाइप करताना हमखास गफलत होते.

उत्तर कसं येतं? आकड्यात, की 'निगेटिव्ह, ट्रेस, एक प्लस' अशा पायऱ्यांत, की नुसत्या वर्णनात.

कोणत्या पद्धतीने? हा भाग पुष्कळ कोडमध्ये रिकामा असतो. पद्धत माहीत नसेल तर पद्धत नसलेलाच कोड घ्या, अंदाजाने भरू नका. मात्र काही तपासण्यांत पद्धतीवाचून चालत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल बघा. बऱ्याच लॅब ते मोजतच नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. त्याचा कोड १३४५७-७. थेट मोजलं तर १८२६२-६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित वापरायचं नसतं, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर नेमके मधुमेहाचे रुग्णच गोंधळ घालतात.

आता साखरेकडे परत. उपाशीपोटी सीरम किंवा प्लाझ्मामध्ये: १५५८-६. जेवणानंतर दोन तासांनी: १५२१-४. वेळ ठाऊक नसलेली, ज्याला आपण रँडम म्हणतो: २३४५-७. सीरम-प्लाझ्माऐवजी पूर्ण रक्तात: २३३९-०. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर: ४१६५३-७. पाच कोड, आणि फायलीत पाचांपुढेही नुसतं 'शुगर' लिहिलेलं असू शकतं.

## ५. लॅबमध्ये जा

खरं काम हे आहे. बाकीच्या पायऱ्या घरी बसून होतात, ही होत नाही.

पहिल्या लॅबच्या फायलीत सकाळच्या जवळजवळ सगळ्या साखरा 'फास्टिंग' होत्या. मी सगळ्यांना १५५८-६ लावून मोकळी झाले. आलेख काढला तर उपाशीपोटीच्या साखरेचा विस्तार भलताच रुंद. मधुमेहाचे रुग्ण आहेत, असणारच, म्हणून मी सोडून दिलं. पुढे काही दुसऱ्या कामासाठी त्या लॅबमध्ये गेले होते. सकाळचे साडेनऊ. रामबागेकडून चालत आलेले एक आजोबा खुर्चीत बसून बाही वर करत होते. रक्त काढणाऱ्या काकांनी सवयीने विचारलं, "कुछ खाया तो नहीं?" आजोबा म्हणाले, "नहीं-नहीं, बस पोहे।"

बस पोहे! आमच्या गावात सकाळचे पोहे म्हणजे खाणं नव्हेच, ती हवापाण्यासारखी गोष्ट आहे. सोबत जिलबी होती का, हे मी विचारलं नाही.

काकांनी रक्त काढलं, ट्यूबवर चिठ्ठी लावली आणि सॉफ्टवेअरने आपणहून 'फास्टिंग' छापलं. मी विचारलं तेव्हा कळलं, की दहाच्या आत नोंद झालेली प्रत्येक साखर तिथे फास्टिंग ठरते. कोणीतरी कधीतरी तशी सोय करून ठेवली होती. चिडण्यात अर्थ नव्हता, रुग्णाचे डॉक्टर त्याला ओळखतात, ते समजून घेतात. माझी फाइल कोणाला ओळखत नव्हती.

त्या लॅबच्या सगळ्या साखरांचा कोड मी काढून २३४५-७ लावला आणि एका वेगळ्या स्तंभात लॅबचा मूळ शब्द 'फास्टिंग' जसाच्या तसा ठेवला. माहिती कमी झाली खरी, पण खोटी उरली नाही. दुसऱ्या लॅबमध्ये मात्र 'शेवटचं कधी खाल्लं' हे रजिस्टरमध्ये लिहिण्याची पद्धत निघाली. तिथे १५५८-६ बिनधास्त राहिला.

तिथे गेल्यावर विचारायच्या गोष्टी, माझ्या वहीतून जशाच्या तशा:

- रक्त कोणत्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेता? साखरेसाठी करड्या झाकणाची, फ्लोराइडची ट्यूब असेल तर नमुना प्लाझ्मा.
- नमुने इथेच घेता की बाहेरच्या कलेक्शन सेंटरमधून येतात? किती वेळाने मशीनवर लागतात? साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के घट होते. लॉइंक कोडमध्ये हे कुठेच दिसत नाही, म्हणून रक्त घेतल्याची आणि तपासणीची अशा दोन्ही वेळा मागून घ्या.
- पीपी म्हणजे जेवणानंतर, की ग्लुकोजचं पाणी पाजून? दोन्हींचे कोड वेगळे आहेत.
- कोणत्या तपासण्या तुम्ही स्वतः करता आणि कोणत्या बाहेर पाठवता?
- मशीन कधी बदललं?

मालकाला विचारू नका, मशीनवर बसणाऱ्याला विचारा. मालक जे व्हायला हवं ते सांगतात. आणि हो, दुपारी दोननंतर जा. सकाळी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

## ६. कोड शोधा, पण पहिला दिसला तो उचलू नका

लॉइंकच्या शोधखिडकीत 'क्रिएटिनिन' टाकलं की ढीगभर ओळी येतात. सहा प्रश्नांची उत्तरं समोर ठेवून गाळत जा. नावं जुळवून कोड सुचवणारी साधनंही आहेत. ती झटपट यादी देतात, पण अक्षरांचं साम्य बघतात, अर्थ तुम्हालाच बघायचा आहे.

माझी मोठी चूक इथली आहे. पहिल्या लॅबमध्ये 'बीयूएन' होतं, त्याला ३०९४-० लावला, बरोबर होतं. दुसऱ्या लॅबमध्ये 'बी. यूरिया' होतं. मी 'बी' म्हणजे ब्लड, युरिया म्हणजे तेच ते, असं धरून तोच कोड लावला. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. अख्ख्या युरियाचा कोड ३०९१-६, आणि त्याचा आकडा बीयूएनच्या २.१४ पट येतो. दोन्ही लॅबचा आलेख शेजारी ठेवला तर एका भागातल्या लोकांची मूत्रपिंडं दुसऱ्या भागापेक्षा दुपटीने वाईट. दोन दिवस आम्ही बोअरिंगच्या पाण्यावर चर्चा केली! सरांनी तिसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, "२.१४ ने भागून बघितलंस का?" भागलं. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. पाणी निर्दोष सुटलं.

आणखी दोन सापळे. एक, 'सीबीसी' किंवा 'लिपिड प्रोफाइल' याला पॅनेलचा कोड असतो, तो गठ्ठ्याचा. आतल्या प्रत्येक आकड्याला आपापला कोड लागतो. दुसरा, जवळपासचा कोड लावून वेळ मारून नेणं. जुळत नसेल तर 'कोड नाही' असं लिहा. रिकामी जागा पुढे भरता येते, चुकीचा कोड मात्र कोणी पुन्हा उघडून बघत नाही.

टाइप करताना झालेली चूक पकडायची एक सोपी युक्ती आहे. रेघेनंतरचा अंक हा तपासणी-अंक असतो. २३४५ घ्या. उजवीकडून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करा: ५ चे १०, त्यातले अंक मिळवून १, ४ तसाच, ३ चे ६, २ तसाच. बेरीज १३. पुढची दशकपूर्ती २०, फरक ७. म्हणून २३४५-७. हे सूत्र फायलीत एकदा बसवा, बोट घसरलेले कोड लगेच लाल होतात. आधीच्या उदाहरणातले क्रिएटिनिनचे दोन कोड मिसळून झालेला २१६०-८ असा अर्धामुर्धा कोड यातच सापडतो. मात्र २१६०-० ऐवजी अख्खा २१६१-८ लिहिलात तर तो सापडणार नाही, कारण दोन्ही खरे कोड आहेत.

## ७. एककं एका रांगेत आणा

एककांसाठी युकम नावाची प्रमाण पद्धत आहे, लॉइंकसोबत तीच वापरतात. तिच्यात लहान-मोठ्या अक्षरांना अर्थ आहे आणि मायक्रोसाठी म्यूऐवजी साधा 'यू' लिहितात.

आपल्याकडचा खास घोळ प्लेटलेटचा. एकाच लॅबच्या एकाच महिन्यात १.८, १८० आणि १८०००० अशा तिन्ही नोंदी होत्या. तिन्ही खऱ्या, तिन्ही सारख्या: लाखांत, हजारांत आणि सुट्या, प्रति घनमिलिमीटर. घनमिलिमीटर आणि मायक्रोलीटर एकच, तिथे गणित नाही. एकक न लिहिलेल्या आकड्याचा अंदाज आकारावरून करता येतो, पण सावध राहा, डेंग्यूच्या दिवसांत खरोखरचे १८००० ही असतात.

बाकीचं पटकन: ग्लुकोज मिलिमोलमधून मिलिग्रॅममध्ये आणायला १८ ने गुणा. क्रिएटिनिन मिलिग्रॅममधून मायक्रोमोलमध्ये न्यायला ८८.४ ने गुणा. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) टक्क्यांत ६.५ म्हणजे मिलिमोल प्रति मोलमध्ये ४८, त्यांचे कोडही वेगळे (टक्क्यांचा ४५४८-४). 'ग्रॅम टक्के' म्हणजे ग्रॅम प्रति डेसिलीटरच.

मूळ आकडा आणि मूळ एकक कधीही पुसू नका. बदललेलं शेजारच्या स्तंभात. लॅबची नॉर्मल रेंजही ओळीसोबत ठेवा, कोडमध्ये ती नसते.

## ८. दुसऱ्याकडून तपासून घ्या

तुम्ही लावलेले कोड न दाखवता वरच्या पन्नास तपासण्या दुसऱ्या माणसाला द्या. दोघांचं जिथे जुळत नाही तिथेच बोला. माझ्यासोबत एक पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी होती, तिने अर्ध्या दिवसात माझे सहा कोड चुकीचे ठरवले, त्यातले चार खरंच चुकले होते. मग प्रत्येक कोडचा लॅबवार आलेख काढा. तीन टेकड्या एकमेकींवर यायला हव्यात. एखादी बाजूला सरकली असेल तर आधी एकक बघा, मग कोड, मग लॅबला फोन. रुग्णांबद्दल निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

पुढेमागे इतर शहरांच्या डेटासोबत काम करायचं असेल तर ओमॉप नावाचा, वेगवेगळ्या ठिकाणचा आरोग्य-डेटा एकाच रचनेत बसवणारा साचा बघून ठेवा. त्यात लॉइंकचे कोड सरळ बसतात, फक्त प्रत्येकाला आणखी एक क्रमांक मिळतो. आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं देवाणघेवाणीचं काम एफएचआयआर या पद्धतीने चालतं, तिथेही लॅबच्या ओळखीसाठी हेच कोड कामी येतात.

## ९. तारखा लिहून ठेवा

लॉइंकची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, काही जुने कोड बाद होतात. कोणती आवृत्ती वापरली, कोणता कोड कोणी, कधी आणि कशावरून लावला, याचे चार स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा. 'कशावरून' हा सगळ्यात कामाचा. तिथे 'किटचं पत्रक', 'तंत्रज्ञाशी बोलणं', 'अंदाज' असं प्रामाणिकपणे लिहा.

तपासणीचं नाव तेच राहतं आणि आतली पद्धत बदलते, हे पाच वर्षांच्या फायलीत होणारच. आमच्या तिसऱ्या लॅबने मध्येच कधीतरी एलडीएल गणिताने काढणं सोडून थेट मोजायला सुरुवात केली होती. नाव 'एलडीएल'च, किंमत तीच, रिपोर्टचा कागदही तोच. त्या तारखेच्या अलीकडे एक कोड आणि पलीकडे दुसरा हवा, पण तारीख कोणालाच आठवेना. बिलाची फाइल हिशेबनीसाकडे, आणि तो गावाला गेलेला. तिथले काका मशीनपाशी गेले. त्याच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक होतं, आता फिकट झालेलं. "पूजा केली होती ना," म्हणाले, आणि मोबाइल काढून फोटो शोधू लागले. हार घातलेलं मशीन, समोर नारळ आणि पेढे, बाजूला नवी कोरी रीएजंटची बाटली. फोटोच्या खाली तारीख आणि वेळ. मी ती फायलीत टाकली आणि 'कशावरून'च्या रकान्यात लिहिलं: पूजेचा फोटो.